घर विकणे आहे. नातेवाइकांनी तसदी घेऊ नये

नातेवाइकांपासून चार हात लांब राहावं, हे शहाणपण आपल्याकडे सामायिक भिंतीवरून नाहीतर सातबाऱ्यावरच्या नावांवरून येतं. अमेरिकेत ते फॉर्मवर सही करून मिळतं. घराची किंमत कर्जाच्या खाली गेली असेल आणि बँक पुरे पैसे न घेताच कर्ज सोडायला तयार असेल, तर विकणारा, घेणारा आणि दोघांचे एजंट अशा सगळ्यांनी लिहून द्यायचं की आमचं एकमेकांशी रक्ताचं, लग्नाचं वा धंद्याचं नातं नाही, आमच्यात बँकेला न सांगितलेला कुठलाही करार नाही आणि विकणारा हे घर मागल्या दारानं परत घेणार नाही. खोटं निघालं तर फौजदारी. एरवी परक्याला उंबऱ्याच्या आत घेताना माणूस दहा वेळा विचार करतो. इथे घरात परकाच यावा म्हणून सरकार, बँक आणि वकील डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात.

या व्यवहाराला शॉर्ट सेल म्हणतात. अमेरिकेत २००६ च्या आसपास घरांचे भाव आभाळाला टेकले आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत जमिनीवर आले. लास व्हेगासमध्ये तर ते निम्म्याहून खाली घसरले. समजा, कुणी ४ लाख डॉलरचं घर घेतलं, ३ लाख ८० हजार कर्ज उरलं आणि आता गिऱ्हाईक दीड लाखाच्या वर जाईना. बँक जप्ती आणू शकते. पण जप्तीचं घर सांभाळायचं म्हणजे वकील, विमा, कर, मागच्या तलावात डासांची पैदास आणि एके दिवशी भिंतीतले तांब्याचे पाइप गायब. त्यापेक्षा दीड लाख घ्या, बाकीचं सोडा, विषय मिटवा. आपल्या बँका ‘वन टाइम सेटलमेंट’ करतात, त्याच गोत्रातला हा प्रकार. २०१० च्या एप्रिलमध्ये ओबामा सरकारनं त्यासाठी ‘हाफा’ नावाची योजनाही सुरू केली. घर सोडणाऱ्याला सामान हलवायला ३ हजार डॉलर द्यायचे आणि त्याच्याकडून परकेपणाची शपथ घ्यायची.

नियम येडा नाही, हे आधीच कबूल करतो. घर दीड लाखात मेहुण्याच्या नावावर करायचं, बँकेकडून २ लाख ३० हजारांवर पाणी सोडवून घ्यायचं आणि दिवाणखान्यातला सोफासुद्धा जागचा हलवायचा नाही, ही युक्ती सुचायला हार्वर्डला जावं लागत नाही. म्हणून मेहुण्यावर बंदी. मेहुणा हा जगभर संशयितच असतो आणि त्याचं वकीलपत्र घ्यायची आमची तयारी नाही. तक्रार एवढीच की त्याला फाटकाबाहेर ठेवायच्या गडबडीत बाकीची सगळी जत्रा आत शिरली.

आता या घराची किंमत दीड लाख, हे बँकेला कुणी सांगितलं? बँकेचा साहेब दोन हजार मैलांवर, कुठल्याशा इमारतीच्या विसाव्या मजल्यावर. तो काही बघायला येत नाही. तो एका स्थानिक ब्रोकरला पन्नासेक डॉलर देऊन ‘ब्रोकर प्राइस ओपिनियन’ मागवतो. धंद्यातले लोक त्याला बीपीओ म्हणतात. ब्रोकर मोटारीतून येतो. कधी कधी उतरतही नाही. काच खाली करून फोटो काढतो. ज्याला भाव पाडून हवा असतो तो आधीच त्याच्यासाठी वाट झाडून ठेवतो, म्हणजे झाडत नाही. लॉन वाळू दिलेलं, पन्हळ एका खिळ्यावर लोंबकळणारी, बेसमेंटच्या कोपऱ्यातली हातभर ओल नेमकी मधोमध येईल असा फोटो. स्वयंपाकघर नवं असेल तर फोटो गॅरेजचा. तुलनेला तीन घरं द्यायची असतात, ती रुळांच्या पलीकडची. अहवालात एक अक्षर खोटं नाही. ओल खरी, पन्हळ खरी, रुळांपलीकडची घरंही खरी.

मग येतो एजंट. त्याच्या खिशात दोन ऑफर असतात. मोठी तिथेच राहते, लहान बँकेकडे जाते. बँक लहान ऑफर मंजूर करते, घर एजंटच्याच एखाद्या कंपनीच्या नावावर होतं आणि मोठ्या ऑफरवाल्याला लगेच विकलं जातं. कधी कधी दोन्ही खरेदीखतं एकाच दिवशी, एकाच टेबलावर. धंद्यात याला ‘फ्लॉपिंग’ म्हणतात. घर स्वस्तात घेऊन महागात विकणं म्हणजे फ्लिपिंग, तर विकत घ्यायच्या आधी त्याचा भाव आपणच पाडणं म्हणजे फ्लॉपिंग. २०१० मध्ये कनेक्टिकट राज्यात दोन एजंटांनी अशाच प्रकरणात गुन्हा कबूल केला. खिशातल्या आणि बँकेला दाखवलेल्या ऑफरमध्ये सुमारे ३० हजार डॉलरचा फरक होता. आता अशा कंपनीचं नातं शोधायचं कुठे? एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, थोडक्या फीमध्ये नोंदवता येते. तिला सासर नाही, माहेर नाही, भाऊबंद नाहीत. शपथपत्रातल्या ‘रक्ताचं नातं’ या रकान्यापुढे ती बिनदिक्कत ‘नाही’ लिहू शकते, कारण तिच्यात रक्तच नसतं.

एवढ्यावर कुणी म्हणेल, एजंट म्हणजे दलाल, त्यांच्याकडून कसली अपेक्षा करता? मग न्यायमूर्तींकडे वळू. डायान हॅथवे या मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती, २००८ मध्ये निवडून आलेल्या. ग्रोस पॉइंट पार्कमध्ये सेंट क्लेअर तळ्याकाठी त्यांचं घर होतं. कर्ज जड झालं, तेव्हा त्यांनी बँकेला हलाखी सांगितली. २०११ मध्ये शॉर्ट सेल झाला आणि बँकेनं सुमारे ६ लाख डॉलरवर पाणी सोडलं. सांगायचं राहिलं ते एवढंच, की फ्लोरिडात विंडरमिअरला त्यांचं आणखी एक घर होतं, त्यावर कर्जाचा डॉलर नव्हता आणि ते मधल्या काळापुरतं सावत्र मुलीच्या नावावर गेलं होतं. कर्ज माफ झालं आणि घर मुक्कामाला परत आलं. एका टीव्ही वाहिनीनं हे खोदून काढलं. जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्तींनी राजीनामा दिला, त्याच महिन्यात बँक फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि मे महिन्यात त्यांना एक वर्ष एक दिवस कैद झाली. तो वरचा एक दिवस कडक शिस्तीचा वाटेल. तसं नाही. तिथल्या केंद्रीय तुरुंगात चांगल्या वागणुकीची सूट वर्षाहून अधिक शिक्षा असेल तरच मिळते. म्हणजे त्या एका दिवसानं शिक्षा वाढली नाही, कमी झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तळ्याकाठचं घर त्यांनी सावत्र मुलीला विकलं नव्हतं. विक्री नियमाप्रमाणेच झाली. लपवलं होतं ते दुसरं घर. नात्याचा उपयोग विकण्यासाठी नव्हे, झाकण्यासाठी झाला. आणि ‘घेणारा तुमचा कोण?’ असं दहा वेळा विचारून ते कळणार नव्हतं.

आता थोडं वरच्या पायरीवर जाऊ. अमेरिकेतल्या गृहकर्ज देणाऱ्यांची शिखर संस्था म्हणजे मॉर्टगेज बँकर्स असोसिएशन. २००९ च्या डिसेंबरात, घराची किंमत बुडाली म्हणून कर्ज सोडून निघून जाणाऱ्यांना या संस्थेच्या प्रमुखांनी नीतीचे चार शब्द ऐकवले. आपल्या कुटुंबाला, मुलाबाळांना, मित्रांना आपण काय संदेश देतोय याचा विचार करा, असा त्याचा आशय. प्रवचन उत्तम होतं. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१० मध्ये, संस्थेनं वॉशिंग्टनमधलं स्वतःचं मुख्यालय विकलं. २००७ मध्ये ते ७ कोटी ९० लाख डॉलरना घेतलं होतं, त्यासाठी साडेसात कोटींचं कर्ज काढलं होतं आणि आता ते ४ कोटी १३ लाखांना गेलं. मुलाबाळांना काय संदेश गेला, ते कळायला मार्ग नाही, कारण संस्थेला मुलंबाळं नसतात. सामान्य माणसानं केलं की ते चारित्र्याचं अधःपतन, संस्थेनं केलं की ताळेबंदाचं व्यवस्थापन.

त्याहून सुंदर गोष्ट दंडाची. जप्तीची कागदपत्रं न वाचता धडाधड सह्या ठोकल्याबद्दल पाच बड्या बँका पकडल्या गेल्या आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ४९ राज्यांशी त्यांचा सुमारे २५ अब्ज डॉलरचा समझोता झाला. त्यातला मोठा भाग कर्जदारांना दिलासा देऊन फेडायचा होता. दिलासा कशाला म्हणायचं? तर इतर गोष्टींबरोबर शॉर्ट सेलमध्ये सोडलेल्या रकमेलाही. देखरेख करणाऱ्यांचा पहिला अहवाल आला, तेव्हा दिलेल्या दिलाशात सर्वांत मोठा वाटा शॉर्ट सेलचा निघाला. जे पैसे असेही येणार नव्हते ते बँकांनी सोडले आणि ते सोडणं दंडाच्या खात्यावर जमा झालं. आमच्या वाण्यानंही बुडीत उधारीवर दानधर्माची पावती फाडायला हरकत नव्हती, पण त्या बिचाऱ्याला ४९ राज्यांशी वाटाघाटी करायची सोय नाही.

या सगळ्यांत खरोखर अडला तो मात्र वेगळाच माणूस. बॉस्टनमध्ये एका ना-नफा संस्थेनं २००९ पासून एक साधा उपक्रम चालवला. जप्तीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं, बँकेला आजचा बाजारभाव रोख मोजून घर विकत घ्यायचं आणि थोडा राखीव निधी धरून नव्या, झेपेल अशा कर्जावर ते त्याच कुटुंबाला परत विकायचं. काही लपवाछपवी नाही. बँकेला परक्याकडून जेवढे मिळाले असते तेवढेच मिळणार. पोरांची शाळा सुटत नाही आणि गल्लीत एक रिकामं घर वाढत नाही. काही बँका कबूल झाल्या. पण बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या, सरकारच्या ताब्यातल्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन महाकाय संस्था म्हणाल्या, छे! जुना मालक? तो तर आतला माणूस! मॅसॅच्युसेट्सनं २०१२ मध्ये कायदा केला की घर जुन्या मालकाकडे परत जाईल एवढ्याच कारणासाठी अशी विक्री नाकारता येणार नाही. तरी नकार कायम. जून २०१४ मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरल मार्था कोकली यांनी दोघींवर दावा लावला, तोही टिकला नाही. अखेर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात या दोघींच्या नियामकानं त्यांच्याकडे जप्त होऊन पडलेली घरं बाजारभावानं जुन्या मालकालाही विकायला मुभा दिली. ज्या चुलीवर वर्षानुवर्षं आपला चहा उकळला, ती विकत घ्यायला माणूस बाजारभाव मोजतोय, आणि हा अपराध नाही एवढं ठरवायला देशाला पाच वर्षं लागली.

दरम्यान खरे परके स्वस्थ बसले नव्हते. ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक कंपनीनं २०१२ पासून इन्व्हिटेशन होम्स या नावानं अशी घरं हजारोंनी उचलली आणि भाड्यानं दिली. २०१३ च्या अखेरीस त्या भाड्यावर रोखेसुद्धा विकले. ब्लॅकस्टोन कुणाचा मेहुणा नव्हता. कागद निष्कलंक.

आपण मात्र अमेरिकेला हसण्याच्या भरात फार पुढे जाऊ नये. आपल्या दिवाळखोरी संहितेत २०१७ च्या नोव्हेंबरात कलम २९-अ आलं. कंपनी बुडवणाऱ्या प्रवर्तकानं तीच कंपनी सवलतीत परत घेऊ नये, हा त्याचा हेतू. पुढच्या वर्षी ‘नातेवाईक’ कोण याची यादी संहितेत आली. तीत भाऊ, बहीण, त्यांचे नवरे-बायका, काका, मामा सगळे आहेत. लग्नपत्रिका छापायची तर ही यादी समोर ठेवावी, रुसवेफुगवे होणार नाहीत. एवढी पक्की तटबंदी झाल्यावर जून २०२१ मध्ये, औरंगाबादेतून वर आलेल्या व्हिडिओकॉनच्या दिवाळखोरीच्या प्रकरणात मुंबईच्या एनसीएलटीनं, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं, काय नोंदवलं? कर्ज देणाऱ्यांना ९५.८५ टक्के रकमेवर पाणी सोडावं लागतंय. आणि घेणाऱ्यानं देऊ केलेली रक्कम व कंपनी मोडीत काढल्यास येणारी गोपनीय किंमत या दोन्ही आश्चर्य वाटावं इतक्या जवळ आहेत, तेव्हा गोपनीयता पाळली गेली का, हे दिवाळखोरी नियामकानं तपासावं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलात त्या विक्रीच्या आराखड्याची मंजुरीच रद्द झाली. कुणी काही फोडलं, असं आमचं म्हणणं नाही. न्यायाधिकरणाला पडलेला प्रश्न मात्र नेमका होता. त्यांनी ‘घेणारा कुणाचा कोण’ असं विचारलं नाही, ‘कुणाला काय आधी ठाऊक होतं’ असं विचारलं.

तेव्हा आमची एक नम्र सूचना. मामा-काका, मेहुणे आणि साडूभाऊ यांना या कटकटीतून मोकळं करावं. बाजारभाव तिऱ्हाइतानं आत जाऊन, स्वयंपाकघराचाही फोटो काढून ठरवावा. आलेली प्रत्येक ऑफर, उघडी वा खिशातली, टेबलावर यावी. मग तो भाव सख्ख्या भावानं मोजला काय आणि फंडानं मोजला काय, पैशाला आडनाव नसतं. शपथपत्र एकाच ओळीचं ठेवावं: ‘या व्यवहाराबद्दल मला ठाऊक असलेली आणि समोरच्याला ठाऊक नसलेली एकही गोष्ट मी हातची राखलेली नाही.’ त्याखाली विकणाऱ्यानं, घेणाऱ्यानं, एजंटानं, काच खाली करून फोटो काढणाऱ्या ब्रोकरनं आणि सगळ्यांत शेवटी बँकेनं सही करावी.

पहिले चौघं कुरकुरत का होईना, सही करतील. बँकेचा कागद मात्र विधी विभागाकडे जाईल आणि तिथून आजतागायत काही परत आल्याचं आमच्या ऐकिवात नाही.