आय-९४ साहेबांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. आय-९४ साहेब,
मुक्काम : अमेरिकेच्या सीमाखात्याचा सर्व्हर

स. न. वि. वि.

आपले दर्शन आता दुर्मीळ झाले आहे. विमानाने येणाऱ्यांपुरता आपण २०१३ साली कागदी देह ठेवलात आणि सर्व्हरमध्ये समाधिस्थ झालात. त्याआधी आपण आगमन-निर्गमनाची नोंद ठेवणाऱ्या पांढऱ्या कार्डाच्या रूपात विमानातच भेटत असा. नेवार्क जवळ आले की हवाईसुंदरी कार्डे वाटे आणि तीनशे माणसांत मिळून पाच पेने निघत. कॅपिटल अक्षरांत नाव, विमानाचा नंबर, मुलाचा पत्ता. मग उतरल्यावर अधिकारी आपल्याला पासपोर्टात स्टेपल करी आणि परत जाताना विमान कंपनीचा माणूस फाडून घेई. तो विसरला आणि कार्ड ठाण्यापर्यंत आले, तर ते पुराव्यासकट टपालाने परत पाठवायचे, ‘लंडन’ला. हे लंडन केंटकी राज्यातले. सरकारी विनोदबुद्धी म्हणतात ती हीच असावी.

तरी त्या काळी आपण निदान डोळ्यांना दिसत होतात. आता सगळे कौतुक व्हिसाचे. वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकन कॉन्सुलेटबाहेर रांग लागते ती व्हिसासाठी. एफडीच्या पावत्या, पेन्शनचे कागद, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट अशी जाडजूड फाइल काखेत असते ती व्हिसासाठी. (ती उघडून बघण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाही, हा भाग वेगळा.) मिळाला की शेजारीपाजारी पेढे, ‘दहा वर्षांचा मिळाला हो!’ आणि ऐकणारा धरून चालतो की हे आता दहा वर्षे तिकडेच राहू शकतात. दहा वर्षांत कधीही आपल्या दाराशी येऊन आत घ्या म्हणण्याची मुभा, एवढाच त्या स्टिकरचा अर्थ. आत किती दिवस राहायचे हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो आणि ते लिहिलेले असते आपल्यापाशी. वरात व्हिसाची निघते, संसार आपल्या हुकमाने चालतो.

लेकीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन निघालेल्या आजीला साधारण सहा महिने मिळतात. १० एप्रिलला उतरली, तर ९ ऑक्टोबरपर्यंत. पूर्वी ही तारीख पासपोर्टातल्या शिक्क्यावर पेनाने लिहीत. आता शिक्का मारतीलच याची खात्री नाही. तारीख कळण्यासाठी आपल्या संकेतस्थळावर जायचे, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर भरायचा आणि आपण प्रसन्न होण्याची वाट पाहायची. आजीला हे सांगतो कोण? जावई नॅपी आणायला गेलेला असतो.

पासपोर्टाच्या बाबतीत तर आपला खाक्या विलक्षण आहे. आजोबांच्या पासपोर्टाची चारच महिने मुदत उरली असली, तरी भारताशी असलेल्या समझोत्यामुळे आपण त्यांना आत घेता. हा मोठेपणा. पण मुक्कामाची तारीख अनेकदा त्या पासपोर्टाच्या अखेरच्या दिवसाला बांधता. पासपोर्ट संपला, पाहुणा संपला. आजोबांना वाटते सहा महिने मिळाले, कारण सगळ्यांनाच मिळतात. मग न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटमधून नवा कोरा पासपोर्ट येतो, घरात आनंदीआनंद होतो आणि आपण मात्र ढिम्म. तारीख जुनी ती जुनीच. ती वाढवायची तर मुदत संपण्याआधी आय-५३९ या आपल्या भाऊबंदाची पूजा बांधावी लागते, फीसकट.

आणि चुकून तारीख ओलांडली तर? इथे आपली विनोदबुद्धी संपते. एक दिवस जास्त झाला, तरी तो दहा वर्षांचा, पेढे वाटलेला व्हिसा बाद. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परत गेले, तर तीन वर्षे प्रवेश बंद. वर्ष उलटले, तर दहा वर्षे. हा १९९६ सालचा कायदा. व्हिसाच्या रांगेत जी भीती वाटून घेतात, ती खरे तर इथे वाटायला हवी.

आता निर्गमनाबद्दल. येताना आपण बोटांचे ठसे घेता, फोटो घेता, सुटकेसमध्ये लोणचे आहे का विचारता. जाताना आपल्या विमानतळावर इमिग्रेशनचे काउंटरच नाही! सुरक्षा तपासणी झाली की माणूस थेट गेटवर. आमचे आजोबा पासपोर्ट हातात धरून शिक्का मारणारा शोधत फिरतात. गेल्याची नोंद विमान कंपनीच्या प्रवासी-यादीवरून होते. हल्ली गेटवर कॅमेराही चेहरा टिपतो. बहुतेक वेळा नोंद बरोबर होते. झाली नाही, तर आजोबा दादरला चहा पीत बसलेले आणि आपल्या दप्तरी अजून न्यू जर्सीतच! अशा वेळी मुंबईच्या विमानतळावरचा आगमनाचा शिक्का आणि बोर्डिंग पास हाच पुरावा. महासत्तेतून झालेल्या निर्गमनाची साक्ष सहारचा रबरी शिक्का देतो, याचा आम्हाला थोडा अभिमान वाटतो हे लपवत नाही. म्हणून बोर्डिंग पासच्या चिठोऱ्यावर किराण्याची यादी करू नये, असे घरोघरी बजावायला हवे.

आपल्यालाच बोल लावतो असे समजू नका. आमच्या सरकारने भारतीयांचे निर्गमन-कार्ड बंद केले ते २०१७ च्या जुलैत. तोवर देश सोडून जाणाऱ्या आपल्याच नागरिकाकडून, पासपोर्ट समोर असताना, त्यातलाच मजकूर पुन्हा लिहून घेण्याची हौस आम्हीही भागवून घेतली.

मागणे एकच आहे. सहा महिन्यांसाठी उतरलेल्या आजीच्या फोनवर मुदत संपण्याच्या दहा दिवस आधी साधा मेसेज टाकत जा. वीजबिल थकले, तर वीजमंडळदेखील टाकते. आपल्यापाशी तर ठसे, फोटो, विमानाचा नंबर, सगळेच आहे.

कळावे. लोभ असावा, निदान दिलेल्या तारखेपर्यंत.

आपला,
एक पाहुणा

ता. क. : मराठी पासपोर्टात स्वतःच्या नावाला वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव जोडलेले असते. त्यामुळे आपल्या संकेतस्थळावर नुसते पहिले नाव घातले, तर ‘नोंद सापडत नाही’ असे उत्तर येऊ शकते आणि आजी रात्रभर झोपत नाही. पासपोर्टात आहेत तशी दोन्ही नावे एकाच चौकटीत घाला, एवढे तिथे ठळक लिहिलेत तर उपकार होतील.