सड्यासाठी सायकल : खरेदीचा शास्त्रोक्त विधी

रत्नागिरीत माउंटन बाइक घ्यायची, तर पहिली पायरी म्हणजे घरात किंमत सांगणे. "एवढ्यात सेकंडहँड स्कूटर आली असती!" हे वाक्य त्याच दिवशी ऐकू आलं, की संकल्प सोडला गेला असं समजावं. ऐकू आलं नाही, तर घरी सांगितलेली किंमत खरी नाही.

मग दुकान. तिथे इच्छुकाने आधी स्टिकरांचं दर्शन घ्यावं. फ्रेमवर 'माउंटन' आणि 'एक्स्ट्रीम' असं इतक्या ठळक अक्षरांत असतं, की खाली सायकल आहे की नाही तेही नीट दिसत नाही. हापूसच्या पेटीवर नाव रत्नागिरीचं आणि आत माल कर्नाटकातला, हा प्रकार ज्याने पाहिलाय त्याला अधिक सांगायला नको. खरं काय ते सोबतच्या पुस्तिकेत असतं, म्हणूनच ती कुणी उघडत नाही. बऱ्याच कंपन्या तिच्यात वापराची श्रेणी छापतात. श्रेणी २ म्हणजे कच्चा रस्ता आणि फार तर १५ सेंटिमीटरची उडी. श्रेणी ३ म्हणजे खडबडीत पायवाट आणि साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतची उडी. चिरेखाणीच्या कडेला चिऱ्याचा एक थर उतरला, की श्रेणी २ चा हिशेब तिथेच संपतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर जायचं, तर श्रेणी ३ मागावी. दुकानदार "तसं काही नसतं हो" म्हणाला, तर दुसरं दुकान.

स्वस्तातली 'डबल शॉकर' हा या विधीतला मोठा मोह. मागेपुढे दोन्हीकडे स्प्रिंगा, आणि किंमत साध्या सायकलीएवढी! मागची स्प्रिंग, तिचे सांधे आणि बुशिंग एवढ्या पैशांत धड येत नाहीत. येतं ते वजन, आणि चढावर पायातला जोर स्प्रिंगेत जिरवण्याची सोय. त्यापेक्षा हार्डटेल बरी : पुढे सस्पेन्शन, मागे कडक फ्रेम, मोडायला कमी वस्तू.

गिअर मोजणे हेही पुण्यकर्म मानलं जातं. पुढे तीन, मागे सात, एकूण एकवीस. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. त्यातले कित्येक गिअर एकमेकांची नक्कल असतात, हे मात्र कुणी सांगत नाही. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : "मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट?" पंधरा-वीस हजारांच्या आतल्या बहुतेक सायकलींना आटे पिळून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि मागच्या ॲक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय लोंबकळतो. खडकावर आपटून आपटून तो वाकतो, एखाद्या दिवशी तुटतोही. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं, म्हणून ॲक्सल तग धरतो. पैसे घालायचे ते इथे. रंग कुठलाही चालेल.

आता ब्रेक. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरं जाड टायरच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन डोंगर उतरण्याच्या शर्यती लावू लागली. सस्पेन्शनचा पत्ता नाही, ब्रेक मागच्या हबमध्ये. खाली पोहोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. माउंटन बायकिंग असं भंगारातून उभं राहिलं. सस्पेन्शनचा पुढचा फोर्क कारखान्यातून मोठ्या संख्येने निघाला तो १९८९ मध्ये, रॉकशॉक्सचा. तेव्हा फोर्क साधा मिळाला म्हणून हळहळू नये, पण सड्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या, शेवाळलेल्या पाखाडीवर जायचं असेल तर ब्रेकवर काटकसर करू नये. रिमला घासणाऱ्या ब्रेकमध्ये जांभ्याची लाल वाळू अडकते आणि रिमच झिजते. केबलवाला डिस्क ब्रेक चालतो, पण खाऱ्या हवेत केबल गंजते आणि लिव्हर जड होत जातो. हायड्रॉलिक डिस्क जमत असेल तर उत्तम.

फोर्क दाबून पाहणे हा दुकानातला सर्वांत लोकप्रिय विधी. दोन्ही हातांनी हँडल दाबायचं आणि "मऊ आहे" असा निर्वाळा द्यायचा. त्याऐवजी खिशात एक रबरबँड न्यावा. तो फोर्कच्या चकचकीत नळीला बांधून खाली सीलपर्यंत सरकवावा, अलगद सायकलीवर बसावं, अलगद उतरावं आणि रबरबँड किती वर ढकलला गेला ते मोजावं. १०० मिलिमीटरच्या फोर्कवर २० ते २५ मिलिमीटर ठीक. ४० निघाले तर स्प्रिंग त्या वजनाची नाही. मग दुकानदार वरचं प्रीलोडचं बटण फिरवून दाखवेल. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, नुसती आधीच थोडी दाबून ठेवली जाते. एअर फोर्कमध्ये वजनाप्रमाणे हवा भरता येते, म्हणून तो महाग. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क एकटाच अडीच किलोच्या आसपास भरतो, हेही चढावर आठवेल.

टायर सव्वादोन इंचाच्या आसपास असावेत. हवा भरताना दुकानातला मुलगा टायर दगडासारखा होईपर्यंत थांबत नाही, त्याला थांबवावं. सड्याच्या कातळावर कमी हवेचा टायर पकड धरतो. फार कमी केली तर ट्यूब रिमखाली चेमटते. मधलं माप ज्याचं त्याने वजन पाहून ठरवावं.

भाट्याच्या वाळूत फोटोसाठी सायकल नेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. एकदा नेली, की घरी येऊन गोड्या पाण्याने धुवावी, साखळी पुसून तिला साखळीचंच तेल द्यावं. खोबरेल नको, आणि गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तो फरक हेल्मेटमध्ये घालावा.

शेवटची पायरी दुकानाबाहेरची. उक्शी, जांभरूण, कशेळी, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर माणसाने जांभ्यात कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. गवत वाढलं, की चाकाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. तिथे सायकल बाहेरच उभी करावी आणि चालत जावं.