शुद्ध मराठीत ट्रेडल उचलताना

ज्याला स्वतःला काही उचलता येत नाही त्याच्याकडे देखरेख सोपवायची, ही आपल्याकडच्या समित्यांची जुनी रीत आहे. आमच्या वाचनालयाच्या समितीने ती माझ्या बाबतीत काटेकोरपणे पाळली. गावातला एक छापखाना बंद पडला आणि मालकांनी त्यातलं ट्रेडल वाचनालयाला देऊन टाकलं. ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं यंत्र. बाजूला मोठं जड चाक, खाली पायटा, मधे उघडझाप करणारा जबडा, आणि सगळा मामला बिडाचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि निवडणुकीची पत्रकं यांच्या जोरावर या यंत्रांनी महाराष्ट्रात गावोगावी संसार चालवले. मग ऑफसेट आलं आणि ट्रेडलं कोपऱ्यात गेली. आमचं ट्रेडल वाचनालयाच्या आवारात चौथऱ्यावर बसवायचं ठरलं. वजन टनाच्या आसपास.

"एवढं धूड उचलायचं कशानं?" अध्यक्षांनी विचारलं.

"यारीनं," मी म्हणालो.

सभेत शांतता पसरली. माझी उभी हयात सरकारी भाषांतरात गेली. क्रेनला मराठीत यारी म्हणतात आणि लिफ्टला उद्वाहन, हे ज्ञान माझ्यापाशी वर्षानुवर्षं पडून होतं. त्याला गिऱ्हाईक नव्हतं. उद्वाहनाला निदान कायद्याने विचारलं. २०१७ सालच्या अधिनियमाच्या नावातच ते आहे, सोबत 'सरकते जिने' आणि 'चलित पथ'ही आहेत. यारीला मात्र कोशाबाहेर कुणी ओळख दाखवत नव्हतं. ती संधी अशी चालून आल्यावर मी थोडा विस्ताराने बोललो. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तुम्हाला यातलं कळतं," आणि इतिवृत्तात माझं नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी मी भाड्याने यंत्रं देणाऱ्या एका गृहस्थांना फोन लावला.

"नमस्कार. आम्हाला एक यारी हवी आहे."

"यारीदोस्ती राहू द्या काका, गाडी कुठली पाठवू? हायड्रा, पोकलेन का जेसीबी?"

माझ्या कोशात यातलं एकही नव्हतं. नसणारच, कारण ही सगळी विशेषनामं. पोकलेन ही मुळात एक फ्रेंच कंपनी. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थांची आद्याक्षरं. आपल्या यंत्राच्या बकेटमधून पुढाऱ्यांवर फुलं आणि गुलाल उधळला जाईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. टेम्पो हे जर्मन तीनचाकीचं नाव. ती गाडी बजाज टेम्पोने इथे बनवली आणि त्यानंतर माल वाहणारी कुठलीही बारकी गाडी टेम्पो झाली. परिभाषा ठरवायला आम्ही अख्ख्या बैठका घातल्या. रस्त्याने कंपनीची पाटी वाचली आणि तेच नाव ठेवून दिलं.

"हायड्रा," मी अंदाजाने म्हणालो. शब्द त्यातल्या त्यात पौराणिक वाटला.

"बारा टनी पाठवतो. माल आत किती घ्यायचाय?"

"आत म्हणजे आवारातच, दर्शनी भागी, वाचकांच्या नजरेस पडेल अशा बेतानं."

"फुटात सांगा काका."

मी फुटात काही सांगितलं नाही. एक टनाच्या ट्रेडलला बारा टनांचं यंत्र म्हटल्यावर फूट मोजणं मला अविश्वासाचं वाटलं.

यंत्र छापखान्यातून आणायला मी छोटा हत्ती बोलावला. २००५ साली ही गाडी बाजारात आली आणि तिचं कंपनीने दिलेलं नाव विसरून लोकांनी तिला हत्ती केलं. आता हत्ती म्हटल्यावर एका टनाला त्याने का लाजावं? ड्रायव्हरने ट्रेडलला एक प्रदक्षिणा घातली, चाकावर टिचकी मारली आणि म्हणाला, "हत्ती बसंल, साहेब. पाऊण टनाची गाडी हाय. चारशेसात बोलवा." चारशेसात हा एखाद्या कायद्याचा कलम क्रमांक असावा असं समजून मी मान डोलावली. आली ती ट्रकची धाकटी जात. १९८६ पासून महाराष्ट्राचा भाजीपाला, सिमेंट आणि वऱ्हाड हीच गाडी वाहते आहे, हे मला तिच्या फाळक्याला टेकून उभा असताना मुकादमाने सांगितलं.

मुकादमाबद्दल थोडं सांगायला हवं. चार माणसं, दोन पहारी, लोखंडी पाइपांचे तुकडे, लाकडी गुटके आणि एक चेनकुप्पी घेऊन तो सकाळीच हजर झाला. आमचे खजिनदार म्हणाले, "क्रेन येणार असताना हमाल कशाला?" मुकादम म्हणाला, "क्रेन नुसती उचलती, साहेब. हुकापर्यंत न्यायचं आन् हुकावरनं बसवायचं, ते माणूसच करतंय." या ठिकाणी मी खजिनदारांना 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९' हे नाव एका दमात म्हणून दाखवलं. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची संघटना कशी बांधली, तेही सांगायला घेतलं. माझा दम सुटेपर्यंत तिकडे ट्रेडल दारापर्यंत आलं होतं. पहारीचं टोक खाली सारायचं, पहारीखाली गुटका ठेवायचा, दांड्यावर भार टाकायचा, यंत्र बोटभर उचललं की पाइप आत सरकवायचा. सातवीत मी तरफेची आकृती काढून टेकू, भार, बल अशी नावं दिली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. इथे टेकूला कुणी टेकूसुद्धा म्हणत नव्हतं. मुकादम नुसतं "दे" म्हणायचा, की गुटका जागेवर. "बस" म्हटलं की चारी माणसं जिथल्या तिथे.

वाचनालयापाशी हायड्रा उभीच होती. पिवळी, पुढे लांब सोंड काढलेली. ऑपरेटर बिहारचा कोवळा पोरगा. त्याने कंपाउंडची भिंत पाहिली, चौथरा पाहिला, मधली बाग पाहिली आणि विचारलं, "कितना अंदर?" मुकादमाने पावलं टाकून मोजलं. पंचवीस फूट निघाले.

"बारा टनी आहे ना?" मी म्हणालो.

"बारा टन नाकासमोर," मुकादम म्हणाला. "बूम जितका लांब काढाल तितका जोर उतरतो. टोकाला गेलं की बारा टन इसरायचं."

म्हणजे पुन्हा तरफच. शेवटी भिंतीचं फाटक काढून हायड्रा बागेत घेतली. मोगऱ्याची रांग गेली, पण फुटांचा प्रश्न सुटला.

मग पट्टे बांधायचे. जाड विणीचे पट्टे वेगवेगळ्या रंगांत होते. मी जांभळा सुचवला. आमच्या फलकाची किनार जांभळी आहे. मुकादमाने हिरवे घेतले. त्या धंद्यात रंग म्हणजे वजन असतं: जांभळा एक टनी, हिरवा दोन, पिवळा तीन, लाल पाच. फलकाचा कुणी विचार केलेला नाही. पट्टे चाकाला न बांधता त्याने खालच्या सांगाड्यातून घेतले, कारण बीड वाकत नाही, थेट तुटतं. तेव्हा मी एक सूचना केली की दोन्ही पट्टे जरा फाकवून, पसरट घ्यावेत; छायाचित्रात यंत्र मोकळं दिसेल.

"पट्टा जेवढा आडवा तेवढा त्याला ताण," मुकादम म्हणाला. "लई पसरला तर एकेका पट्ट्यावर अख्ख्या मालाचा भार येतो."

"दोन पट्टे आहेत, निम्मं-निम्मं नाही का होणार?"

"उभं धरलं तर व्हतंय, साहेब. पसरून धरलं तर न्हाई."

घरी येऊन मी गणित मांडलं. दोन्ही पट्टे जमिनीशी तीस अंशात आले तर प्रत्येकावर खरोखरच पूर्ण वजनाइतका ताण बसतो. मुकादमाला हे बिनागणिताचं येत होतं, ही त्याच्या शिक्षणातली उणीव मानावी की माझ्या, यावर मी मत राखून ठेवलं आहे.

छायाचित्रांसाठी मी माझ्या पुतणीला बोलावलं होतं. तिचं नाव आर्या. तिच्या पिढीत दर तिसऱ्या घरात एक आर्या आहे, त्यामुळे पुढे जे घडलं ते कुठल्याही घरात घडू शकलं असतं.

मुकादम चौथऱ्याजवळ उभा राहिला. तर्जनी आभाळाकडे धरून त्याने बारीक गोल फिरवली आणि ओरडला, "हाबिस!"

मला वाटलं, हापिस. "हापिस सुटून वर्षं झाली," असं मी म्हणेपर्यंत ट्रेडल जमिनीपासून वर निघालं होतं. इतका मोठा ऐवज हवेत गेलेला पाहून मला छायाचित्राची आठवण झाली. आर्या फाटकापाशी मैत्रिणीशी बोलत होती.

"आर्याऽऽ!"

ट्रेडल हातभर खाली आलं.

"हाबिस! हाबिस!" मुकादम ओरडला. ट्रेडल वर गेलं.

"आर्या, अगं आर्या!" ट्रेडल दोन टप्प्यांत खाली आलं. मुकादमाने पुन्हा हाबिस केलं, मी पुन्हा पुतणीला हाक मारली, आणि एक टनाचं ते यंत्र विहिरीतल्या पोहऱ्यागत खालीवर होऊ लागलं. हायड्रात काहीतरी बिघाड आहे, असं मी खजिनदारांच्या लक्षात आणून दिलं. मुकादम लाल होऊन माझ्याकडे धावला. ऑपरेटर काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "आप ही तो आरिया बोल रहे हैं!"

हाबिस म्हणजे उचल, आरिया म्हणजे सोड. पोर्तुगीज भाषेत शीड किंवा निशाण खाली घेण्याला 'आरियार' म्हणतात. गलबतांवरच्या खलाशांनी तो शब्द घेतला. त्यांच्या या मिसळ बोलीचा कोश टॉमस रोबक नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने १८११ साली कलकत्त्यात छापला होता. समुद्रावरची ती बोली गोदीत उतरली, गोदीतून बांधकामांवर आली आणि आमच्या मोगऱ्यात माझ्या पुतणीला येऊन भेटली. तिच्या आईवडिलांनी नाव ठेवताना शब्दकोश पाहिला होता. हायड्रावाल्याला विचारलं नव्हतं.

आता गैरसमज दूर करणं मला भाग होतं. मी पुढे होऊन ऑपरेटरला स्वच्छ शब्दांत म्हणालो, "सदर यंत्र, चौथऱ्याच्या मध्यभागी नीट येईपर्यंत, आणि माझ्या पुतणीचे छायाचित्र काढून झाल्याची खात्री पटल्याखेरीज, कोणत्याही परिस्थितीत खाली..." इथे मुकादमाने माझ्या तोंडावर हात ठेवला. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. घ्यावे की घेऊ नये, हे कळायला ऐकणाऱ्याला पूर्णविरामापर्यंत थांबावं लागतं. कार्यालयात याचा फार उपयोग होतो. फाइल लटकलेली असली तरी ती कुणाच्या डोक्यावर पडत नाही. हुकाला लटकलेल्या बिडाला तेवढी सवड नसते. तिथे वाक्यातलं सगळं काढून टाकून नुसतं क्रियापद ठेवतात. यंत्राच्या आवाजात तेही ऐकू येत नाही म्हणून मग बोट.

मी बोलणं बंद केलं. तेवढ्यात आर्याने लांबून फोन उंचावून विचारलं, फोटो बरा आलाय का? तोंड बंद असल्यामुळे मी हात लांब करून तिला अंगठा दाखवला.

हात लांब, अंगठा वर: या इशाऱ्याचा अर्थ बूम उचल. ऑपरेटरने पोराच्या इमानाने तो पाळला. सोंड वर गेली, ट्रेडल झोका घेऊन मागे आलं आणि त्याचं चाक उद्घाटनाच्या फ्लेक्समधून पलीकडे गेलं. नेमकं अध्यक्षांच्या छायाचित्रातून. प्रमुख पाहुणे शाबूत राहिले.

मुकादमाने उजवा हात आडवा धरला, तळवा जमिनीकडे, आणि सपाट डावीउजवीकडे फिरवला. सगळं थांबलं. मग तो माझ्यापाशी आला. रागावला नव्हता, वरिष्ठ अधिकारी कनिष्ठाला अधिकार देताना जो सूर लावतात तो त्याने लावला. "साहेब, वर-खालीचा इशारा एकानंच द्यायचा असतोय. पण 'थांब' कुणीबी दिला तरी ऑपरेटरनं थांबायचं, ह्यो नियम हाय. तुमी तेवढाच द्या."

एवढ्या मोठ्या यंत्रावर मला मिळालेला हा पहिलावहिला अधिकार. ट्रेडल चौथऱ्यापासून वीतभर अंतरावर आलं तेव्हा आवाराबाहेर बरीच गर्दी जमली होती. शाळेची मुलंही होती. असा श्रोतृवर्ग पुन्हा मिळणार नव्हता. मी हात आडवा धरला, तळवा जमिनीकडे. हायड्रा थांबली. मी गर्दीकडे वळून यारी, उद्वाहन, तरफ आणि कप्पी यांचा थोडक्यात परिचय करून दिला. मुकादमाने चार गुटके यंत्राखाली सरकवले, त्यावर ट्रेडल टेकवून घेतलं आणि आपल्या माणसांसह सावलीत चहा घेतला. उद्वाहनावर आलो तेव्हा मुलं निघून गेली होती. सरकत्या जिन्यांपर्यंत ऑपरेटर झोपला होता.

हायड्राचं भाडं तासावर असतं. संध्याकाळी खजिनदारांनी बिल समोर ठेवलं. एक रक्कम यंत्राची, एक हमालीची, आणि तिसऱ्या ओळीत मुकादमाच्या अक्षरात 'वेटिंग, साहेबांच्या भाषणामुळे'. रक्कम पहिल्या दोन्हींच्या जवळपास जात होती. हा खर्च प्रबोधनाच्या खाती कसा टाकता येईल, याचा मी सविस्तर खुलासा सुरू केला. खजिनदारांनी शांतपणे उजवा हात आडवा धरला, तळवा जमिनीकडे, आणि सपाट डावीउजवीकडे फिरवला.