पाखरांची खानेसुमारी

शरद ऋतूचे वर्णन करताना आपल्या संस्कृत कवींनी निरभ्र आकाश, निवळलेल्या नद्या, वाऱ्यावर डोलणारा काश आणि मानसाहून परतलेल्या हंसांच्या माळा यांची जी यादी घालून दिली आहे, तीत पहाटे साडेपाचला सोसायटीच्या फाटकाशी जमलेल्या, पाचोळ्याच्या रंगाचे कपडे ल्यालेल्या, गळ्यात दुर्बिणी अडकवून परस्परांशी कुजबुजत्या स्वरात भांडणाऱ्या निवृत्त गृहस्थांचा कोठेही उल्लेख नाही. हा दोष कवींचा नव्हे; त्यांच्या काळी निसर्गमंडळे नव्हती. एरवी ज्या महाकवीने मेघाला रामगिरीपासून अलकेपर्यंतचा रस्ता इतक्या तपशिलाने सांगितला, त्याला आमचे कार्यवाह सहलीच्या आदल्या रात्री जे सूचनापत्र पाठवितात, ज्यात कोठे वळावे, कोठे चहा घ्यावा आणि कोणत्या पुलावर थांबू नये हे कलमवार नमूद असते, ते खचितच आपल्या कुळातले वाटले असते.

माझी हयात महसूल खात्यात गेली. सातबाराचे उतारे, फेरफार, पीकपाहणी आणि पंचनामे यांच्या संगतीत ज्याचे केस पिकले, त्याला पाखरू म्हणजे पिकाच्या नुकसानीचे एक कारण, यापलीकडे फारसे ठाऊक नसते. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी पहाटे चालण्याचा हुकूम फर्मावला आणि शेजारच्या बंगल्यातील गृहस्थांनी, जे योगायोगाने एका निसर्गमंडळाचे कार्यवाह होते, वर्गणीची पावती माझ्या नावे फाडून त्या हुकमाची तामिली केली. या वयात एका नव्या विद्येची धुळाक्षरे गिरवावी लागणार, या धास्तीने मी पहिल्या सहलीला गेलो. परंतु तेथे कार्यवाहांनी मळकट नोंदवही उघडून ‘ठिकाण, तारीख, वेळ, हवामान, जात, नग, शेरा’ असे रकाने आखलेले पाहिले आणि माझ्या जिवात जीव आला. मी खाते सोडलेलेच नव्हते. माझी केवळ बदली झाली होती.

पक्षिनिरीक्षण हा निसर्गाच्या सान्निध्यात मनाला विसावा देणारा छंद आहे, असे जे सर्वत्र सांगितले जाते, ते सांगणारे लोक बहुधा नोंदवहीच्या अंमलाखाली कधी आलेले नसावेत. येथे विसावा नाही. येथे पाखरू दिसणे ही अर्धी गोष्ट असून ते दप्तरी दाखल होणे हीच खरी गोष्ट आहे. ज्याची नोंद झाली नाही ते पाखरू त्या दिवशी त्या पाण्यावर नव्हतेच, मग ते तुमच्या टोपीवर बसून का गेलेले असेना. हा कायदा मला प्रथमपासूनच मान्य आहे, कारण जमिनीच्या बाबतीत मी जन्मभर तोच चालविला.

मंडळात दर्जे आहेत आणि ते कोठेही लिहिलेले नसल्यामुळे अत्यंत कडकपणे पाळले जातात. सर्वांत वरचे वतन आवाजावरून पाखरू ओळखणाऱ्यांचे. यांनी चालता चालता थबकून, डोळे अर्धवट मिटून, ‘तांबट’ एवढाच शब्द उच्चारावा आणि बाकीच्यांनी मान मोडेपर्यंत उंबराच्या पानापानाचा झाडा घ्यावा, अशी वहिवाट आहे. त्यांच्याखाली उडण्याच्या ढबीवरून ओळखणारे. त्यांच्याखाली पाखरू व पुस्तक आलटून पालटून पाहणारे. यांच्यापैकी वयस्कांच्या पिशवीत सालिम अलींचे पुस्तक असते. 1941 साली प्रथम निघालेल्या त्या ग्रंथाची आपल्याजवळची प्रत किती जुनी, यावर येथे माणसाची खानदानी ठरते, आणि ज्याच्या प्रतीला पुठ्ठा उरलेला नाही त्याच्याशी सहसा कोणी वाद घालीत नाही. सर्वांत खालच्या पायरीवर ‘कुठे?’ असे विचारणारे. मी दीर्घकाळ या पायरीवर सुखाने नांदत आहे.

या ‘कुठे’चे उत्तर देण्याचीही एक पद्धत आहे. बाभळ म्हणजे घड्याळाची तबकडी असे समजावयाचे आणि पाखरू दहावर आहे की दोनवर ते सांगावयाचे. ‘दहावर बघा, काका, दहावर!’ असे एक तरुण सभासद मला कळकळीने सांगू लागतो. मी ‘कोणत्या बाभळीच्या?’ असे विचारतो. तो ‘वाळलेल्या’ म्हणतो. तेथे वाळलेल्या बाभळी तीन असतात. आणि त्यांपैकी वादातली बाभळ निश्चित होईतो पाखराने आपला मुक्काम हलविलेला असतो. चतुःसीमा निश्चित केल्यावाचून स्थळपाहणीला निघू नये, हे आमच्या खात्यातला उमेदवार कारकूनही जाणत असे.

कॅमेरेवाले हा स्वतंत्र तोफखाना. ते सहलीत असतात पण मंडळात नसतात. पाखराचे नाव, गाव, गोत्र यांशी त्यांना कर्तव्य नसते. त्याच्या डोळ्यात उन्हाचा ठिपका आला की नाही, एवढीच त्यांची विवंचना. मला त्यांचा मुळीच राग येत नाही, कारण ते ओलसर जमिनीवर पालथे पडलेले असताना बाकीच्यांना डबे उघडायला निवांत वेळ मिळतो.

यंदा अधिक मासामुळे कोजागरी लांबली होती आणि तिच्या आधीच्या रविवारी आम्ही कवडीपाटला गेलो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने वीसेक किलोमीटरवर मुळा-मुठेच्या पात्रात एक जुना बंधारा आहे आणि शहराने दिलेले सारे काही पोटात घेऊन आलेली नदी त्यावरून फेसाळत उतरते. फेस पाण्याचा नसून पुणेकरांच्या साबणाचा असतो. पावसाळ्यातल्या पुराने काठच्या झाडांना नेसविलेली प्लास्टिकची लक्तरे अजून तशीच लोंबत असतात आणि वारा पडला की जो दरवळ सुटतो, त्याने दुर्बीण एका हाताने व नाक दुसऱ्या हाताने धरण्याचे कसब प्रत्येक सभासदाला आपोआप अवगत होते. आणि नेमक्या या ठिकाणी, लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या काचेसारख्या सरोवरांचा त्याग करून, हिमालय ओलांडून, चक्रवाक येतात!

ज्या चक्रवाकाच्या जोडप्याला कवींनी रात्रभर नदीच्या दोन तीरांवर उभे करून एकमेकांसाठी आक्रोश करायला लावले, ते केशरी-तपकिरी जोडपे मी डोळ्यांनी पाहिले. ते एकाच तीरावर होते. त्यांच्यात वीतभरही अंतर नव्हते आणि विरहाचे म्हणावे असे एकही लक्षण दिसत नव्हते. नर चोच खुपसून चिखल चाळीत होता व मादी त्याच्याकडे पाठ करून तेच करीत होती, म्हणजे चाळीस वर्षांच्या संसाराचे दृश्य जसे असावे तसेच ते होते. आमच्यातील एका संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकांना हे पाहवेना. ‘अहो, रात्री वेगळे होत असतील,’ असे ते पुटपुटले. त्यावर आवाजाच्या वतनदारांनी असा खुलासा केला की, सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्य फार, म्हणून त्यात किडे, अळ्या व शेवाळ फार आणि म्हणून पाखरेही फार. ‘तेव्हा, सर, आपण ज्याला घाण म्हणतो तो त्यांचा पंचपक्वान्नांचा थाट आहे.’ प्राध्यापकांनी नाकावरचा रुमाल अधिक घट्ट केला.

शरदातली ही आवक मोठी विलक्षण असते, हे मात्र कबूल केले पाहिजे. श्रावण-भाद्रपदापासूनच भोरड्यांचे थवे युरोपच्या पूर्वेकडून व मध्य आशियातून उतरू लागतात; मागोमाग शेपटी वरखाली करीत करडा धोबी हजर होतो; मग तुतवार, मग थिरथिरा, मग बदकांच्या पलटणी. थंडीला भिऊन ही मंडळी येतात हा समज अपुरा आहे. तिकडे दिवस आखूड होतात, पाणी गोठते, किडे नाहीसे होतात, म्हणजे मुख्य अडचण दाणापाण्याची असते. पायात कडी अडकवून केलेल्या पाहणीत असे आढळले आहे की, पुष्कळ पाखरे वर्षानुवर्षे त्याच मुक्कामी परततात. कोठे परवाना नाही, नाक्यावर झडती नाही, आणि तरी पत्ता चुकत नाही! आमच्या खात्याचे टपाल तालुक्याहून जिल्ह्याला जाताना दोनदा गहाळ होई.

तथापि एक गोष्ट माझ्या न्यायबुद्धीला खटकते. पाहुण्यांची ही सरबराई चालली असता कायमच्या रहिवाशांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. सातभाई बिचारे भर उन्हाळ्यात, जेव्हा एकही परदेशी पाहुणा शिल्लक नसतो, तेव्हासुद्धा कुंपणाखाली कलकलाट करून जागेची वहिवाट चालू ठेवतात. टिटवी रात्रीबेरात्री चौकीदारी करते. वेडा राघू तारेवर बसून किड्यांचा बंदोबस्त करतो. त्यांच्या नोंदी कार्यवाह मान वर न करताच करतात, ‘सातभाई, आहेतच’ असे म्हणून. परंतु सायबेरियाकडून आलेला पांढरा धोबी उकिरड्यावर जरी उतरला, तरी वीस दुर्बिणी एकदम रोखल्या जातात. फिरतीवरचा साहेब आणि गावचा तलाठी यांच्यातला हा भेद मी पुष्कळ पाहिला आहे, आणि माझी सहानुभूती कोणीकडे असणार हे सांगावयास नको.

महसूल आणि पाखरे यांचे सख्य मात्र माझ्यापासून सुरू झालेले नाही. राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून आपण शाळेत ज्यांचे नाव घोकले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेतकी व व्यापार खात्याचे सचिव होते आणि 1872 पासून केवळ पक्ष्यांना वाहिलेले एक नियतकालिक चालवीत होते. त्यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेली पक्ष्यांवरील हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून एका नोकराने बाजारात नेऊन रद्दीच्या भावाने विकली. साहेबांचे मन विटले. 1885 साली त्यांनी हजारो नमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि त्याच वर्षअखेर राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. ते पुण्यात भरावयाचे होते, पण येथे पटकीची साथ आल्यामुळे मुंबईला गेले. स्वातंत्र्याच्या इतिहासात त्या अनामिक रद्दीवाल्याची कामगिरी कोणीच नमूद केलेली नाही, याचे मला, एक दप्तरदार म्हणून, सखेद आश्चर्य वाटते.

बंधाऱ्यावर आम्ही असे हारीने उभे असता म्हशी घेऊन एक गृहस्थ आले. त्यांनी आमच्या दुर्बिणी पाहिल्या, तिवईवरचे लांब नळकांडे पाहिले, कार्यवाहांची वही पाहिली आणि चेहरा गंभीर करून विचारले, ‘सायेब, मोजणी कुठवर आली म्हनायची? आमचा गट जातोय का रस्त्यात?’ कार्यवाहांनी त्यांना पक्षिगणनेचे महत्त्व, नोव्हेंबरच्या 5 ते 12 या तारखांना राज्यात साजरा होणारा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मतिथी आणि पाणथळींचे संवर्धन हे सारे विस्ताराने समजावून दिले. गृहस्थांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. ‘म्हंजी पाखरं मोजाया सरकार मानसं ठिवतंय?’ ‘छे, छे! आम्ही पदरचा खर्च करून येतो.’ हे ऐकल्यावर मात्र आम्ही काही तरी लपवीत आहोत याविषयी त्यांची खात्रीच पटली. ते माझ्याकडे वळले. माझ्या चेहऱ्यावर खात्याची छाप अद्याप असावी. मी जुन्या सवयीने म्हणालो, ‘प्रकरण वर आहे.’ एवढ्याने त्यांचे समाधान झाले, आणि म्हशी पाण्यात गेल्या. त्यासरशी चक्रवाकांचे ते सुखी जोडपे उडाले आणि तोफखान्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू म्हशी माझ्याच होत्या.

खरा प्रसंग मिसळीच्या टेबलावर उद्भवला. यादी 47 वर येऊन थांबली होती आणि 48 वे पाखरू वादात होते. काठच्या बोरूच्या बेटात क्षणभर हललेला एक मातकट जीव तिघांनी तीन परींनी पाहिला होता. आवाजाच्या वतनदारांच्या मते तो ब्लिथ साहेबाच्या नावाने ओळखला जाणारा वटवट्या, ज्याचे वजन दहा-बारा ग्रॅम आणि जो फिनलंड-रशियाकडून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतो. त्यांनी ‘चक्’ असा आवाज स्वतः ऐकला होता. पुस्तकवाल्यांच्या मते तो येथलाच साधा वटवट्या. शेपूट लांब होती. एका भगिनींच्या मते तो शिंपी असून रोज त्यांच्या जास्वंदीवर येतो. पुरावा म्हणून तोफखान्याने छायाचित्र दाखल केले. त्यात एक पान अत्यंत सुस्पष्ट आले होते आणि त्यामागे बहुधा पाखराचा असावा असा एक भाग होता. आवाज चढले. फिनलंडकडून इतक्या लांब आलेल्या जिवाला जास्वंदीवरचा शिंपी ठरविणे हा अतिथिधर्माचा भंग आहे, असे एक पक्ष म्हणू लागला; तर गावच्या पाखराला केवळ यादीच्या लोभाने परदेशी ठरविणे ही खोटी नोंद होय, असे दुसरा. मतदान घ्यावे असाही एक ठराव पुढे आला. रस्सा निवत चालला.

तेव्हा मी वही मागून घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘सदर पक्षी चौकशीचे वेळी गैरहजर असल्याने त्याचा जबाब घेता आला नाही. पंचांत एकवाक्यता नाही. सबब ओळख कायम न करता प्रकरण पुढील सहलीपर्यंत तहकूब.’ कार्यवाहांनी ते मोठ्याने वाचले. वतनदारांनी मान डोलविली, पुस्तकवाल्यांनी सुस्कारा सोडला, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच एक नोंद सर्वानुमते मंजूर झाली. लगोलग पुढला विषय निघाला : कोजागरीच्या रात्री टेकडीवर घुबडांचा शोध घ्यावा, की खजिनदारांच्या गच्चीवर मसाला दूध आटवावे. घुबडांची बाजू मांडायला कोणीही उभे राहिले नाही.