माळ्याला एवढं सांगा, वहिनी

अहो वहिनी, या ना जरा इकडे. जपून, पायाखाली तेरडा आहे. तुमच्या हद्दीत उगवलाय खरा, पण बी माझ्याकडचं. त्याची बोंडं पिकली की हात लागायचा अवकाश, तटकन फुटतात आणि बी उडतं ते थेट कुंपणापलीकडे. आता सोसायटीने अतिक्रमणाची नोटीस काढली नाही म्हणजे मिळवली.

काल तुमच्याकडे माळी आला ना, तेव्हा मी खिडकीतच उभी होते. त्याने विळा काढला आणि माझ्या पोटात गोळाच आला. त्या बिचाऱ्याची चूक नाही म्हणा. गणपतीला माणसं येणार, अंगण लख्ख हवं, म्हणून सगळीकडून त्याला याच दिवसांत बोलावणं असतं. पण या फुलांची वेळही हीच. जूनच्या पावसाला उगवतात, आषाढभर नुसता पाला, ओळखणार कोण? श्रावण सरता सरता कळ्या धरतात आणि नेमका तेव्हाच विळा फिरतो. दिवाळीपर्यंत दम धरला, बी गळू दिलं, की मग खुशाल कापा म्हणावं. पुढच्या पावसाला सगळं आपोआप वर येतं. रोपं विकत आणायला नकोत, कुंड्या नकोत.

आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातली गंमत ऐकलीत का? ऐका तर. गेल्या रविवारी सगळं कुटुंब पहाटे उठून कासला. ऑनलाइन तिकीट, डबे, यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची ही रांग. सोनकीने पिवळ्या झालेल्या उतारापुढे उभं राहून फोटो काढले, ग्रुपवर टाकले, तुम्ही पाहिलेच असतील. आणि घरी काय? मागच्या भिंतीशी उगवलेली सोनकी दोनच दिवस आधी उपटवून टाकलेली! मी म्हटलं, अहो, तीच की ही. तर म्हणतात, "छे हो, कासची वेगळी." वेगळी कसली? तिला तिथे तिकीट आहे, इथे नाही, एवढाच फरक. बरं, त्या जागी पेरलं काय, तर नारिंगी कॉसमॉस. मेक्सिकोचा! एकदा शिरला की हटत नाही, इकडच्या डोंगरउतारांवर कसा माजलाय बघता ना? लोक गाडी थांबवून म्हणतात, काय सुंदर रानफुलं!

त्यांच्या चिरंजीवांनी तर पठारावरून सीतेची आसवं उचलून आणायचा घाट घातला होता. बरं झालं, कुणीतरी हटकलं. तिथून काही उपटायला बंदी आहे, हे एक. आणि आणून जगणार आहे का ती? ती राहते ओल्या कातळावर, चिमूटभर मातीत. त्या मातीत पोटाला काही मिळत नाही म्हणून तर बारीक बारीक जीव पकडून खाते. तिला कुंडीत शेणखत घालून बसवायचं म्हणजे मारायचंच. सगळंच अंगणात येत नाही हो. तेरडा येतो, सोनकी येते, सावलीच्या कोपऱ्यात दसमुळी छान येते. तिची निळी-जांभळी फुलं पाऊस संपल्यावर थंडीत येतात, तेव्हा बाकी सगळं वाळत चाललेलं असतं. कुणाला खत मात्र घालू नका. खाऊन पिऊन नुसती पानं काढतात आणि वाऱ्याला आडवी होतात.

सेक्रेटरींच्या घरचं तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही तेव्हा यायच्या होतात. गेल्या वर्षी जुलैत त्यांनी मला चिठ्ठी पाठवली होती, "आपल्या आवारातील तण काढावे." मी चिठ्ठी फ्रीजवर लावून ठेवली. गौरी आवाहनाच्या सकाळी त्यांच्याच वहिनी दारात! बाजारात तेरड्याची जुडी महाग, त्यातून मुळं तुटलेली. आणि गौरी आणायची म्हणजे मुळासकट तेरडा हवा, तीच तर तिची पावलं. दिला, का नाही देणार? वर हळदीकुंकूही लावलं. चिठ्ठीचं नाव मी काढलं नाही, फक्त पाणी द्यायला म्हणून फ्रीज उघडला.

तुमचा कढीपत्ता फवारून घेतलात का काल? वास आला म्हणून विचारते. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं असेल, हो ना? ती फुलपाखराची अळी. लहानपणी मुद्दाम तशी दिसते, कुणी खाऊ नये म्हणून. मोठी झाली की हिरवी होते, आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंग काढून घाण वास सोडते. माझ्या नातवाला तोच एक उद्योग. लिंबावर तर निलवंतही अंडी घालतं, काळं-निळं, हाताच्या पंजाएवढं. २०१५ साली आपल्या राज्याचं फुलपाखरू ठरलं ना, तेच. मध काय, मोठी फुलपाखरं कुठलाही पितात, घाणेरीचासुद्धा. पण पिल्लांचं जेवण ठरलेलं असतं, आणि घाणेरी काही त्यांना चालत नाही. म्हणून मी चार फांद्या खाऊ देते. आमटीला उरतोच की कढीपत्ता.

आमचे हे आधी चिडायचे. "लोक म्हणतील घरात कुणी आजारी आहे, बागेकडे बघायला वेळ नाही." मग धायटी लावली. फेब्रुवारीत तिला लाल फुलं आली आणि शिंजीर रोज सकाळी फांदीवर हजर. आता चहाची खुर्चीच तिकडे हलवलीय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आसवं-अरिष्टं करताना हीच फुलं घालतात. जसं काही स्वतःच लावलीय! लाल फुलांचीच आवड असेल तर मुरुडशेंगही आहे, बाळगुटीत उगाळतो ती. पण तिला जागा लागते, झुडूप चांगलं वाढतं.

हं, कुंपणाचं बोलायचं होतं. ही तार गंजलीय, काढूनच टाकू. तुम्ही मेंदी म्हणत होतात, पण ती महिन्या-दोन महिन्यांनी कापायची कोण? कारवी तर नकोच. दिसते सुरेख, पण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून झाली की सगळी एकदम मरते. म्हणजे कुंपण एका उन्हाळ्यात गायब आणि खालच्या आळीतल्या शेळ्या आत. अडुळसा चालेल, फांदी खोचली तरी लागतो आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. निर्गुडीही तशीच. रोपं वनखात्याच्या रोपवाटिकेत पावसाळ्यात मिळतात, रिक्षाने जाऊन येऊ.

पण माझं मन करवंदावर आहे. वाढायला वेळ लागेल, मात्र एकदा जाळी भरली की मांजरसुद्धा आत यायचं नाही. मधली जागा दोघींची, पाणी पहिला उन्हाळा मी घालीन. ओरबाडलं तर आयोडीन ज्याचं त्याचं. करवंदं निम्मी निम्मी, आणि लोणचं तुम्ही घालायचं. तुमच्या हातचं कैरीचं चाखलंय मी, त्यामुळे त्यात घासाघीस नाही.