अपडेटनंतरचा रिमोट : हाताळण्याची शास्त्रोक्त पद्धत

टीव्हीच्या मागे खोचलेली स्टिक रात्री केव्हातरी स्वतःहून अपडेट होते. सकाळी पडद्यावर ‘किरकोळ त्रुटी दूर केल्या आहेत’ एवढी एक ओळ येते. ती वाचून ओके दाबेपर्यंत घरात सगळं सुरळीत असतं. मग उजवीकडचं बटण एकदा दाबलं, की निवड शेजारच्या पोस्टरवर न थांबता त्याच्या पलीकडच्यावर जाऊन बसते. मागे यावं तर पुन्हा दोन घरं मागे. जे पाहायचंय ते मधोमध, सुरक्षित.

अशा वेळी घाबरून न जाता सर्वप्रथम दोषी ठरवावा. ज्याच्या हातात रिमोट, तो दोषी. ‘तू जोरात दाबतोस’ असं म्हणून रिमोट काढून घ्यावा, सगळ्यांकडे एकदा पाहून घ्यावं आणि ‘असं, हलकंच’ म्हणत स्वतः दाबावं. निवड दोन घरं गेली, की ‘आत्ता बरोबर झालं होतं’ म्हणून रिमोट पुढच्या माणसाला द्यावा. चार माणसांच्या घरात हा विधी पंधरा मिनिटांत आटोपतो.

त्यानंतर सेल. ते काढावेत, तळहातावर घोळवावेत, बनियनला पुसावेत आणि पुन्हा घालावेत. दाताने चावण्याची रीत ट्रान्झिस्टरच्या काळातली. ती आता सोडून द्यावी, कारण अल्कलाइन सेलमधला क्षार बाहेर आला तर जीभ भाजते. नवे सेल घरात नसतातच, म्हणून भिंतीवरच्या घड्याळातला काढावा. तो जाडा निघतो, रिमोटमध्ये बसत नाही. पण हे कळेपर्यंत घड्याळ दहा वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं असतं आणि काढलेला सेल कुठे ठेवला ते कुणाला आठवत नसतं.

याबाबतीत जुने लोक शहाणे होते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. झेनिथ या अमेरिकी कंपनीने १९५६ साली रॉबर्ट ॲडलर या अभियंत्याने घडवलेला रिमोट बाजारात आणला. त्यात सेलच नव्हता. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा आणि तो ऐकून टीव्ही चॅनल बदलायचा. सेल का नको, तर तो संपला की गिऱ्हाइकाला टीव्हीच बिघडला असं वाटेल, ही विक्री खात्याची धास्ती. खिशातल्या किल्ल्या खुळखुळल्या तरी चॅनल बदलल्याचे किस्से त्या काळचे. पण किल्ल्या खिशातून काढून ठेवल्या की प्रश्न मिटत होता. आमच्या स्टिकपुढे मी कपाटाच्या किल्ल्यासुद्धा वाजवून पाहिल्या.

तिसरी पायरी मोबाइलच्या कॅमेऱ्याची. जुन्या धाटणीचा रिमोट इन्फ्रारेड किरण सोडतो. ते डोळ्याला दिसत नाहीत, पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपक्यासारखे लुकलुकतात. हा प्रयोग जाणकार शेजाऱ्यासमोर करावा, घरात वजन वाढतं. मात्र ठिपका दिसला नाही म्हणून रिमोट मेला असं जाहीर करू नये. हल्लीच्या स्टिकचे बरेच रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांना ठिपकाही नसतो आणि नेमही धरावा लागत नाही, त्यामुळे सोफ्यावरून उठून, हात लांब करून, टीव्हीच्या पोटात खुपसल्यासारखं दाबण्याचा काही उपयोग नाही. तसं दाबल्याशिवाय चैन पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

रोगाचं कारणही सांगून ठेवतो, म्हणजे निदान शेजाऱ्याला सांगता येईल. रिमोट दर वेळी दोन निरोप पाठवतो: ‘बटण दाबलं’ आणि ‘बटण सोडलं’. दुसरा निरोप येईपर्यंत अंगठा बटणावरच आहे असं स्टिक धरून चालते आणि थोडा वेळ वाट पाहून निवड आपोआप पुढे सरकवत राहते. लांबलचक यादी एका दाबात पार व्हावी म्हणून केलेली ही सोय. अपडेटनंतर स्टिक स्वतःच्या कामात बुडालेली असेल, तर ‘सोडलं’ हा निरोप उशिरा पोचतो आणि तेवढ्यात एक पाऊल जास्त पडतं. थोडक्यात, अंगठा निर्दोष. पण हे घरात कुणाला पटत नाही, कारण दोषी आधीच ठरलेला असतो.

आता उपाय. स्टिकचं पॉवर ॲडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमधून काढावं, एक मिनिट थांबावं, पुन्हा लावावं. नुसता टीव्ही बंद करून भागत नाही, स्टिक जागीच असते. वायर टीव्हीच्याच यूएसबीला जोडली असेल तर ती सोबत आलेल्या ॲडॅप्टरला लावावी, कारण टीव्हीच्या यूएसबीतून अनेकदा पुरेशी वीज मिळत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर रिमोटची जोडणी नव्याने करावी किंवा कंपनीचं ॲप घेऊन मोबाइलचाच रिमोट करावा. आमच्याकडे ॲडॅप्टर काढल्यावर दोन दिवस आराम पडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन घरं.

फॅक्टरी रिसेट मात्र करू नये. केल्यावर वायफायचा पासवर्ड नव्याने टाकावा लागतो आणि तो त्याच रिमोटने टाकायचा असतो. शंका असेल तर आधी ‘अशी ही बनवाबनवी’ शोधून पाहावा. पडद्यावरच्या पाटीत एका ओळीत सहा अक्षरं. ‘ए’वरून ‘एस’ला जायला तीन घरं खाली, आमचा रिमोट थेट आकड्यांत उतरला. कसाबसा ‘एस’ धरला, तिथून दोन वर आणि एक उजवीकडे ‘एच’. वर जाताना दोन दाबांऐवजी एकच दिला, तो बरोबर लागला. उजवीकडचा एक दाब मात्र ‘आय’वर गेला. खोडण्याचं बटण गाठताना आणखी तीन अक्षरं उमटली. सिनेमा दोन तासांचा, नाव टाकायला वीस मिनिटं.

शेवटची पद्धत आईची. आई ३४ वर्षं लोकलने डोंबिवली–व्हीटी करत होती. तिने रिमोट कुणालाही दोष न देता हातात घेतला आणि दोनचार वेळा दाबून म्हणाली, “अरे, ही फास्ट आहे.” ऑफिसातून मावशीकडे नाहूरला जायचं, तर फास्ट तिथे थांबत नाही. ठाण्याला उतरायचं आणि स्लोने मागे यायचं. पोस्टरांचंही तेच. दहाची रांग असेल तर निवड १, ३, ५, ७, ९ अशी पळते. पुढे दोन घरं उरलेलीच नसल्यामुळे दहाव्यावर आपटून थांबते. तिथून फिरलं की ८, ६, ४, २. जे जाताना चुकलं ते येताना सापडतं. तीन आठवडे आमच्या घरात दुपारच्या मालिका वेळेवर लागत होत्या आणि त्या फक्त आईला लावता येत होत्या. तिचा रुबाब काय वर्णावा! आम्ही पोस्टराचं नाव सांगायचो, ती ‘थांब, ठाणं येऊ दे’ म्हणायची.

मग एका रात्री नवा अपडेट आला. ‘किरकोळ त्रुटी दूर केल्या आहेत.’ या वेळी खरंच केल्या होत्या. आई सवयीने टोकाला गेली, फिरली आणि भलतीच मालिका लागली. “आता ही मेली प्रत्येक स्टेशनला थांबायला लागली,” असं म्हणून तिने रिमोट माझ्या हातात दिला आणि मी जोरात दाबतो म्हणूनच हे झालं असं सांगितलं.

पुढचा अपडेट येईपर्यंत वरील सूचना जपून ठेवाव्यात. आणि घड्याळातला सेल घरात ज्याने कुणी कुठे ठेवला असेल, त्याने तो कृपया आणून द्यावा. गेला दीड महिना आमच्याकडे दहा वीस झालेत.