मुठीतला मोर

राजा दिनकर केळकर संग्रहालयात येणाऱ्या पाहुण्यांना मस्तानी महालाची ओढ असते. आई मात्र वज्र्यांच्या कपाटापुढे थांबली आणि तिथून हलेचना. वज्री म्हणजे टाचा घासायचं पितळी साधन. खाली खरखरीत चरे आणि वर मुठीत धरायला, काय असावं? तर मोर! कुठे हत्ती, कुठे घोडा, कुठे शेजारी शेजारी बसलेली पाखरांची जोडी.

टाच म्हणजे देहाचं परसदार. तिकडे कुणी पाहुणा फिरकत नाही. शिवाय ती घासायची जागा म्हणजे जुन्या वाड्यातली न्हाणी: बंबाचा धूर, मिणमिणता उजेड आणि डोळ्यांत गेलेली शिकेकाई. अशा ठिकाणी मुठीत झाकून जाणाऱ्या मोराच्या पिसाऱ्यावर कुणा ओताऱ्यानं एकेक टिंब कोरलं आणि वर त्याच्या गळ्यात हारही घातला. लग्नघरात आचाऱ्यानं जरीचा फेटा बांधून कांदा चिरायला बसावं, तसं हे माणसाला नटवायला निघालेलं साधन स्वतःच आधी नटून बसलेलं. पाहणार कोण होतं, हे त्या ओताऱ्याला कुणी विचारलं नसावं. बरं झालं.

दिनकर केळकरांनाही असे प्रश्न पडत नसावेत. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारा हा माणूस १९२०च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या नादी लागला, तो अडकित्ते, फण्या, करंडे, दिवे असं ज्याला घरोघरी अडगळ म्हणत ते सारं गोळा करत राहिला. वस्तू २०,०००च्या आसपास गेल्या. पुढे त्यांनी तो सगळा पसारा महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. नाव ठेवलं ते अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. इतक्या फण्या आणि करंडे एका लहान मुलाच्या नावावर आहेत, हे तिकीट काढताना कुणाच्या लक्षातही येत नाही.

अलंकार या शब्दातला ‘अलम्’ म्हणजे ‘पुरे’. पुरं करतो तो अलंकार. दिवाळीच्या आधी लक्ष्मी रस्त्यावर सराफांच्या पायऱ्यांवरची गर्दी पाहिली की ही व्युत्पत्ती कुणा पुणेकरानं खवचटपणे रचली असावी, असं मला वाटतं. दागिने राहू द्या, आपली भाषासुद्धा ‘पुरे’ म्हणत नाही. मराठीत बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं. दिवा विझवायचा नसतो, मालवायचा असतो. दुःखालाही आपण काठपदर लावूनच बाहेर पाठवतो.

“आपल्याकडे होती अशी,” आई काचेवर बोट टेकवून म्हणाली. “आमच्या आईची. तिच्या मोराचा तुरा मोडलेला होता.”

आजोबा गेले तेव्हा आजी तेहतीस वर्षांची होती. कुंकू पुसलं गेलं, बांगड्या वाढवल्या, आणि वाढवून वाढवून हात ओके झाले. नथ, कुड्या, पाटल्या ट्रंकेत गेल्या आणि तिथून मावशीच्या लग्नात सोनाराकडे. हे करणारी माणसं वाईट नव्हती. ती फक्त नेमकी होती. यादी करून त्यांनी एकेक जिन्नस उतरवला. वज्री काही त्या यादीत नव्हती. टाच घासायच्या वस्तूला दागिना कोण म्हणणार?

“मग ती आंघोळीला फार वेळ लावायला लागली,” आई सांगत होती. “मी बाहेर लुगडं घेऊन उभी. काका ओरडायचे, टाचा घासतेय की घाट बांधतेय? घासायचा आवाज तर केव्हाच थांबलेला असायचा. पण कडी निघायची नाही. आणि अरे, देवांची उपकरणी चिंचेनं घासायला बसली की पहिला नंबर मोराचा. नंतर बाळकृष्ण.”

एवढं सांगून ती हसली. मग पर्समधला रुमाल काढून तिनं काचेवरचे आपल्या बोटांचे ठसे पुसले.

तो मोर आता कुठे आहे, हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. आजी गेल्यावर घरातली जुनी पितळ मोडीत निघाली, तिच्यात तोही वजनावर गेला. त्या पैशांत आणखी थोडे घालून घरात स्टीलचा डबा आला. त्यात अजून पोहे असतात.

परतताना आई तुळशीबागेत शिरली. पिना घेतल्या, नाडी घेतली आणि टाच घासायचा एक गुलाबी प्लास्टिकचा ब्रश घेतला. घरी आल्यावर मी तो उलटून पाहिला. मुठीच्या जागी साच्यातच उठवलेलं एक फूल आहे. पाच पाकळ्या, एक पान.